झाकण असलेलं शेततळं

परवा सांगोल्याहून दादाचा फोन आला. शेततळ्याला कागद टाकून तिसरं वर्ष. डाळिंबाला अजून दीड महिना पाणी हवंय आणि तळ दिसायला लागलाय. "बोअरचं पाणी वर आणून उन्हाला पाजतोय आपण," वहिनी मागून म्हणाल्या.

ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण इथं डेन्मार्कमध्ये माझ्या घरापासून अर्ध्या तासावर असंच एक तळं आहे. फक्त त्यात ऊन साठवतात.

गावाचं नाव व्होयेन्स. खडी काढून संपलेल्या खाणीत २०१५ साली दोन लाख घनमीटरचं तळं केलं, काठाला आणि तळाला आपल्यासारखाच प्लास्टिकचा कागद. शेजारी ७० हजार चौरस मीटरवर पाणी तापवणारे सोलर पॅनेल, म्हणजे आपल्या गच्चीवरच्या हीटरचे थोरले भाऊ. उन्हाळ्यात वरचं पाणी ८० अंशांच्या पुढे जातं आणि थंडीत तीच ऊब पाइपांतून घरोघरच्या रेडिएटरमध्ये येते. वर जाड, उष्णता अडवणारं झाकण. मी पाहायला गेलो तेव्हा झाकणावर पावसाचं डबकं साचलं होतं आणि त्यात दोन बदकं निवांत पोहत होती. खाली कढत पाणी, त्यांना पत्ता नाही.

आपल्याकडे शेततळ्यांवर वाद झडतो तो ठरलेला: एक म्हणतो कोरडवाहूला जीवदान, दुसरा म्हणतो भूजल उपसून वाफ केली. दोघांचंही खरं आहे. पण भांडण सगळं खड्ड्यावरून. आकाराचं आणि झाकणाचं कोणी काढत नाही. तळ्याची लांबी, रुंदी, खोली दुप्पट केली की पाणी आठपट होतं आणि पृष्ठभाग चौपटच. उष्णतेची गळती पृष्ठभागातून होते, त्यामुळे मोठं तळं ऊब महिनोन्‌महिने धरतं आणि बादली रात्रीत गार होते. आपल्या २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत मात्र कमाल आकार ३० बाय ३० बाय ३ मीटर होता, तोही प्रत्येकाचा वेगळा.

डेन्मार्कची माणसं मुळातून शहाणी होती असं नाही. १९७३ च्या तेलटंचाईत देशाची ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा आयात तेलावर होती, म्हणून शहाणपण सुचलं. १९७९ ला उष्णतापुरवठ्याचा कायदा आला. आज सुमारे दोनतृतीयांश घरं सामाईक पाइपावर तापतात आणि अनेक गावांत ही ऊब पुरवणारी कंपनी ग्राहकांच्याच मालकीची असते. सहकार म्हटलं की आपल्याला चेअरमनची गाडी आठवते. इथं सभेत कॉफी पिता पिता झाकणाच्या खर्चावर तासभर वाद चालतो. तो चालायलाच हवा, कारण झाकण टिकतंच असं नाही. एरो बेटावरच्या मार्स्टलच्या तळ्याचं झाकण काही वर्षांतच बदलावं लागलं.

सांगोल्यात ऊब साठवून करायचं काय, हे मलाही कळतं. डेन्मार्कचा पैसाही आपल्याकडे नाही. पण पाच-सहा शेतकऱ्यांनी एकच खोल तळं काढलं आणि वर निदान शेडनेट ताणली, तर वहिनींचं पाणी उन्हाला कमी जाईल. हेच मी दादाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. आमची चुलत्यांशी बांधावरून केस चालू आहे, नववं वर्ष.

"बरं," तो म्हणाला, "आधी तू काकांना फोन लाव."