मोबाईल आहे ना, मग करा की गाणं!

आमच्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या ग्रुपवर पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय. स्टुडिओवर पैसे घालवू नका, मोबाईल पुरे. व्ह्यूज आले की घरबसल्या पगार सुरू. आणि नोंदणी नसेल तर गाणं कायद्याने तुमचं नाहीच, तेव्हा एखाद्या चॅनेलला देऊन मोकळे व्हा. मी सांगलीत विश्रामबागेत राहतो; स्वतःच लिहितो, चाल लावतो, गातो. म्हणून बोलायला लागतंय.

मोबाईलचं अर्धं खरं आहे. सुचलेली चाल मीही फोनवरच धरून ठेवतो. पण मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून आणलेला तानपुरा फोनवर घेतला तेव्हा पहिले दोन-तीन सेकंद झंकार आला, मग बारीक होत होत गायबच. तार उतरली म्हणून मी खुंट्या पिळत बसलो. दोष फोनचा होता. सलग एकसारखा आवाज म्हणजे पंखा-बिंखा असणार, असं समजून तो कापत होता. तानपुऱ्याचं तर कामच सलग वाजायचं! आता साधा माइक, साउंड कार्ड, भिंतीला गाद्या आणि भर एप्रिलात बंद पंखा, एवढ्यावर माझे टेक होतात. तेवढा खर्च टळत नाही.

व्ह्यूजचा पगार? यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा हवा तर १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास वॉच टाइम लागतो (शॉर्ट्सचा हिशेब वेगळा). वर्षभरात १००० वेळाही न वाजलेल्या गाण्याला स्पॉटिफाय २०२४ पासून काहीच देत नाही. माझं घर यात्रांच्या सुपाऱ्यांवर चालतं. गाणं ऐकून मंडळवाले फोन करतात, व्ह्यूजचा उपयोग तेवढाच.

नोंदणीचं मात्र धडधडीत खोटं आहे, आणि माणूस बुडतो तो तिथेच. गाणं लिहून काढलं, चाल रेकॉर्ड केली की कॉपीराइट आपोआप तुमचा. नोंदणी उद्या भांडण झालं तर पुरावा म्हणून कामी येते, इतकंच. हे मला उशिरा कळलं. गावच्या यात्रेसाठी केलेलं गाणं एका चॅनेलला पाच हजारांत दिलं, कागद न वाचता सही ठोकली. दोन वर्षांनी तेच माझ्या चॅनेलवर टाकलं तर त्यांचा क्लेम, म्हणजे गाणं आमचं असा दावा. माझ्याच गाण्यावर! कागदात गाण्याचे हक्क ‘कायमस्वरूपी’ दिले, असा शब्द होता. मुदत लिहिलेलीच नसती तर कायद्याने ती पाच वर्षांचीच धरली असती. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कुठल्याही चॅनेलला लिहून घेता येत नाही. हा वाटा वसूल करायला आयपीआरएस ही संस्था आहे. तिचा अर्ज मी हात पोळल्यावर भरला.

ग्रुपवर कुणाला असा छापील कागद आला, तर सही करायच्या आधी मला फोन करा. संध्याकाळी घरीच असतो, बसून वाचू.