‘खऱ्या फौजीला भीती नसते’ म्हणणाऱ्यांना

बेळगाव-खानापूर भागातल्या गावागावांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. खऱ्या फौजीला भीती नसते, त्याला लढाई हवीच असते. ज्याला नको, तो नुसता पगारासाठी भरती झालेला. फौजीच्या घरात रडणं शोभत नाही. आणि रिटायर झाल्यावर त्याला सगळं फुकट मिळतं. मी सोडून दिलं असतं. पण माझा पुतण्या सध्या सीमेवर आहे. त्याच्या बायकोनं ते वाचलं आणि मला विचारलं, “मामा, मला रात्री झोप लागत नाही. मी फौजीची बायको म्हणून कमी पडले काय?” म्हणून एका रिटायर हवालदाराचं हे उत्तर.

भीती नसते, तर डोळे बांधून रायफल खोलायला-जोडायला का शिकवतात? एकच ड्रिल उस्ताद पुन्हा पुन्हा का करून घेतात? फायर सुरू झालं की डोकं जागेवर राहत नाही, हे फौजेला पक्कं माहीत आहे. तेव्हा हातांनी तरी काम करत राहावं, यासाठी ती सगळी रगड. मला भीती वाटलेली आहे आणि मी ड्यूटीही केलेली आहे, एकाच रात्री.

‘लढाई हवीच असते’ हे त्यातलं सगळ्यात वाईट खोटं. लिहिणाऱ्यानं मराठा सेंटर ज्या गावात आहे त्या बेळगावात राहून निदान जमालपूर तरी वाचायला हवं होतं. डिसेंबर १९७१ची बांगलादेशची लढाई, तिथलं हे जमालपूर. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियननं, जंगी पलटणीनं, जमालपूरच्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवली होती. कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. समोरची फौज कोंडली गेली होती, तरी आधी पत्र गेलं: सुटायला वाट नाही, शरण या. तिकडच्या कर्नल सुलतान अहमदनं जबाबाच्या कागदात गोळी गुंडाळून पाठवली. लेखणी ठेवा, स्टेनगन घ्या, असा त्याचा सूर. मग त्याची माणसं रात्री बाहेर पडायला निघाली आणि आपल्या पलटणीच्या माऱ्यात सापडली. कितीतरी गेली. आपलीही गेली. उरलेल्यांनी नंतर शरणागती पत्करली. आता सांगा, आधी पत्र पाठवलं म्हणून आपली फौज भित्री ठरली काय? सुरुवातीलाच शरण आले असते, तर दोन्हीकडची ती पोरं घरी गेली असती.

पगाराचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, कबूल करतो. आमच्याकडे दोन एकरात चार भावांचं भागत नाही. मीही पगार बघूनच भरती झालो. पण त्या पगारात कसम परेडची कसमही येते, आणि ती मी पाळली.

फुकटचं दोन ओळीत. फौजी कॅन्टीनमध्ये पैसे मोजूनच माल मिळतो, सवलतीत. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतल्या उपचारांसाठी रिटायर होताना वर्गणी कापली जाते. आणि आजच्या अग्निवीरांपैकी ज्यांना चार वर्षांनी परत पाठवतील, त्यांना पेन्शन नाही.

रडण्याबद्दल मी सूनबाईंना सांगितलं, रडायचं तेव्हा रडा. पुतण्या सुट्टीवर येऊन परत निघाला की मीही गोठ्याकडे जाऊन डोळे पुसतो. फौजेत घालवलेली वर्षं मला अभिमानाची वाटतात. उद्या बोलावलं तर जाईन. तरी पुन्हा युद्ध नको, असं मला मनापासून वाटतं. धाकटा पुतण्या भरतीसाठी पहाटे उठून १६०० मीटरची तयारी करतोय. त्याला मी अडवत नाही. मात्र तो भरती झाला तर मला भीती वाटेल, हे मी त्याला आत्ताच सांगून ठेवलंय.