वाफा क्रमांक तीन

पहिल्या वर्षी तिसऱ्या वाफ्यात टोमॅटो लावले. भरपूर आले. शेवटी शेवटी दोन झाडांनी भर पाण्यात माना टाकल्या, पण तेवढं चालायचंच. पुढच्या वर्षी, पीक बदलावं म्हणतात म्हणून, तिथे वांगी लावली. लालाच्या जागी जांभळं, याहून वेगळा बदल तो काय करायचा? वांग्यांनीही हिरवीगार असतानाच माना टाकल्या. एक खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरलं, तर कापल्या जागेतून दुधासारखी तार हळूहळू खाली उतरली. जिवाणूजन्य मर रोग! वांगं म्हणजे टोमॅटोचं भावंडच. मिरची, बटाटा त्याच घरातले. आणि मातीत दबा धरून बसलेल्या जिवाणूला ते अख्खं घर आवडतं.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. भाजीचं मात्र विचारावं लागतं, आणि उत्तरं ऐकून डोकं फिरतं. मुळा गाजराचा जुळा वाटावा, तर तो निघाला कोबीकडचा, गाजर कोथिंबिरीकडचं. पालेभाजी म्हणून पालकाशेजारी बसवलेली मेथी घेवड्याची नातलग. रताळ्याचं नि बटाट्याचं तर कूळही एक नाही.

मग वहीत आराखडा काढला. चार वाफे, चार कुळं, एकदा गेलेलं कूळ त्या वाफ्यात तीन वर्षं फिरकायचं नाही. हिने तो वाचला.

"अहो, म्हणजे टोमॅटो, वांगी, मिरच्या, बटाटे मिळून एकच वाफा?"

"हो."

"आणि कोबीला एकट्याला अख्खा?"

आमच्या घरात कोबी कुणीच खात नाही. हा मुद्दा शास्त्रात कुठेच घेतलेला नाही.

यंदा तिसऱ्यात घेवडा आहे. परवा एक रोप अलगद उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली. आत गुलाबी! म्हणजे गाठीतल्या जिवाणूंचं हवेतला नत्र (नायट्रोजन) धरायचं काम चालू आहे. त्या वाफ्यातले काही जिवाणू तरी माझ्या बाजूने आहेत, या आनंदात मी उठलो आणि घेवड्याच्या मधोमध ओळखीचा वास आला. कंपोस्टातून आलेल्या बीचा टोमॅटो, गुडघाभर वाढलेला. मी हौसेने लावलेल्या एकाही झाडाला असलं खोड नव्हतं.

आराखड्याप्रमाणे तो उपटायला वाकलो.

"त्याला काठी लावा हो," मागून आवाज आला, "फुलं आलीत, कलंडेल."

काठी शोधायला गेलो.