पाणी म्हणजे सब्स्टिट्यूशन, अल्कोहोल म्हणजे एलिमिनेशन? नाही, पोट्टेहो!

दारव्हा-दिग्रसकडे बारावीच्या पोट्ट्यांच्या मोबाईलवर एक फोटो फिरतोय: ‘केओएच पाण्यात असेल तर सब्स्टिट्यूशन, अल्कोहोलमध्ये असेल तर एलिमिनेशन. अल्कीन आलं की सेत्झेफ. बाकी काही पाहायचं नाही.’ नागपूर-अमरावतीचे क्लास ज्यांना परवडत नाहीत, ती मुलं यावरच विसंबून परीक्षेला बसतात. गोष्ट आहे हॅलोअल्केनची, म्हणजे क्लोरीन-ब्रोमीन लागलेल्या कार्बनसाखळीची. तिला केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) सारखा बेस भेटला की दोन वाटा: सब्स्टिट्यूशन, म्हणजे हॅलोजनच्या जागी दुसरा गट बसतो; किंवा एलिमिनेशन, म्हणजे हॅलोजन आणि शेजारचा हायड्रोजन निघून दुहेरी बंधाचं अल्कीन बनतं. म्हणून फोटोतलं एकेक वाक्य तपासून पाहू.

‘पाणी म्हणजे सब्स्टिट्यूशन.’ टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइड नुसत्या पाण्यात टाकलं तर मुख्यतः अल्कोहोल मिळतं, खरंय. पण हायड्रॉक्साइड वाढवत न्या, अल्कीनही वाढत जातं. टर्शरी, म्हणजे तीन कार्बनांना जोडलेल्या कार्बनला मागून भिडायला जागाच नसते, मग हायड्रॉक्साइड शेजारचा हायड्रोजन ओढतं.

‘अल्कोहोल म्हणजे एलिमिनेशन.’ हे सगळ्यात घातक. इथेनॉलात सोडियम इथॉक्साइड घ्या, तापमान ५५ अंश. इथाइल ब्रोमाइड टाकलं तर सुमारे ९० टक्के इथर, म्हणजे चक्क सब्स्टिट्यूशन. आयसोप्रोपिल ब्रोमाइड टाकलं तर सुमारे ७९ टक्के प्रोपीन. सॉल्व्हंट तोच, बेस तोच, बदलला फक्त कार्बन. बेंझिल क्लोराइडला तर बीटा हायड्रोजन, म्हणजे हॅलोजनच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजनच नाही, अल्कीन आणणार कुठून?

‘अल्कीन आलं की सेत्झेफ.’ जास्त फांद्यांचं अल्कीन जास्त मिळतं, हा सेत्झेफचा १८७५चा नियम बहुतेकदा चालतो. २-ब्रोमो-२-मिथाइलब्युटेनला इथॉक्साइड दिलं तर जास्त फांद्यांचं अल्कीन सुमारे ७० टक्के. पण पोटॅशियम टर्शरी ब्युटॉक्साइड दिलं की पारडं फिरतं. एवढा अवजड बेस आतल्या हायड्रोजनपर्यंत पोचत नाही, कडेचाच काढतो.

मेंथिल क्लोराइड तर नियम पार मोडतं. त्यात सहा कार्बनांचं कडं खुर्चीसारखं वळलेलं असतं. ई-२, म्हणजे बेस हायड्रोजन ओढतो त्याच क्षणी हॅलोजन सुटणारं एलिमिनेशन; त्यासाठी अशा कड्यात क्लोरीन आणि हायड्रोजन दोघेही उभे (अ‍ॅक्झिअल) हवेत, एक वर, एक खाली. मेंथिल क्लोराइडच्या स्थिर खुर्चीत क्लोरीन आडवा (इक्वेटोरिअल) असतो. तो उभा करायला खुर्ची उलटावी लागते, आणि उलटली की आयसोप्रोपिलकडचा हायड्रोजन आडवा पडतो. उरतो दुसऱ्या बाजूचा एकच. म्हणून फक्त २-मेंथीन मिळतं, सेत्झेफच्या विरुद्ध. पटत नसेल तर तुराटीच्या काड्या आणि ओल्या मातीच्या गोळ्यांची खुर्ची बांधून पाहा. विकतचं मॉडेल किट लागत नाही.

‘बाकी काही पाहायचं नाही.’ तापमान पाहायचं! तापवलं की एलिमिनेशनचा वाटा वाढतो. समीकरणातल्या बाणावर लिहिलेली उष्णता उगाच नसते. एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, नीटमध्ये मात्र दर चुकीला एक गुण जातो, म्हणून तिथे हा फोटो महागात पडेल.