कॉलबॅक आला, दार उघडा

'गूगलने लॉगिन करा' असं बटण तुम्ही लावलंत. वापरकर्ता ते दाबून गूगलकडे गेला, तिथे ओळख पटवली आणि कोड (गूगलने दिलेली तात्पुरती चिठ्ठी) घेऊन आपल्या दारात, म्हणजे कॉलबॅकच्या पत्त्यावर, परत आला. आता त्याला 'तूच का रे तो, मघाशी गेलेला?' असं विचारायचं? छे! ही काय आपली रीत झाली?

तेव्हा आधी ते स्टेट पॅरामीटर काढा. जाताना हातात रँडम आकडा द्यायचा, आल्यावर तोच आहे का ताडून बघायचं, इतका संशय बरा नव्हे. फार तर काय होईल? कुणीतरी स्वतःच्या खात्याचा कोड घातलेली लिंक तुमच्या ग्राहकाला पाठवेल, ग्राहक नकळत त्याच खात्यात शिरेल आणि आपलं पॅन कार्ड, पासबुक तिथे भक्तिभावाने अपलोड करेल. अगदीच मन खात असेल तर स्टेट ठेवा, पण व्हॅल्यू कायमची '१२३'. (आमच्या एका प्रोजेक्टात ती दोन वर्षं 'टेस्ट' होती. कुण्णाचं काही अडलं नाही.)

रीडायरेक्टच्या, म्हणजे गूगलने माणूस परत कुठे धाडायचा त्या, पत्त्यात एक चांदणी (*, म्हणजे 'काहीही चालेल') टाकून मोकळे व्हा. पत्ता अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, असं ओऑथची (अशा लॉगिनमागच्या पद्धतीची) सुरक्षा-नियमावली, जानेवारी २०२५ ची आरएफसी ९७००, सांगते. सांगू दे. तिला कुठे स्प्रिंट संपवायचाय!

कोड एकदाच चालतो आणि त्याचं आयुष्य जास्तीत जास्त दहा मिनिटं असावं, असं ओऑथच्या नियमांत २०१२ पासून लिहून ठेवलंय. रिअ‍ॅक्ट या वेबपानं बनवायच्या लायब्ररीचा स्ट्रिक्ट मोड मात्र डेव्हलपमेंटमध्ये इफेक्ट (पान दिसल्यावर आपोआप होणारं काम) दोनदा चालवतो. पहिल्या खेपेला कोड खर्ची पडतो, दुसऱ्या खेपेला 'इनव्हॅलिड ग्रँट', म्हणजे 'हा कोड चालत नाही'. तुम्ही दुपारभर गूगलला शिव्या घाला, मग चुका पकडणारा कॅचचा ब्लॉक रिकामा ठेवून सरळ डॅशबोर्डवर पाठवा. वापरकर्त्याने 'कॅन्सल' दाबलं तर कोडऐवजी 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतं म्हणे. त्याच्यासाठी गरगरणारं चक्र आहेच. बसेल बघत.

माणूस ओळखायचा तो ईमेलवरून. 'सब' नावाचा न बदलणारा आयडी येतो खरा, पण तो दिसायला रुक्ष. ईमेल व्हेरिफाइड आहे का, हे विचारणं तर सरळ अपमान.

आणि हो, टोकन (कोडच्या बदल्यात मिळणारी खात्याची किल्ली) कन्सोलवर छापायला विसरू नका. मागच्या डेमोला आमचं अख्खं टोकन प्रोजेक्टरवर झळकलं. क्लायंट म्हणाला, फॉन्ट जरा मोठा करा.