कुलूप त्यांचं, किल्लीही त्यांचीच

‘क्लाउडवर फाइल्स एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या) असतातच, वेगळं काही कशाला करायचं?’ हे क्लाउडवरच्या एका लेखात वाचलेलं म्हणणं अर्धंच खरं. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह सर्व्हरवर एन्क्रिप्ट करतात, पण साध्या खात्यात किल्ली त्यांच्याचकडे असते. शिवाय कुणी आपल्या खात्यातच शिरलं, तर त्याला सगळं वाचता येतं.

आमचं नाशिकला करसल्लागाराचं छोटं ऑफिस. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांचे सातबारे, पॅन, आधार, पासबुकं, सगळं स्कॅन होऊन क्लाउडशी सिंक होतं, म्हणजे आपोआप वर जातं. ते आधी आपल्याच किल्लीने एन्क्रिप्ट करायला क्रिप्टोमेटर हे सॉफ्टवेअर वापरतो. फाइल टाकायची ती उघडलेल्या व्हॉल्टच्या (त्यातल्या कुलूपबंद फोल्डरच्या) ड्राइव्हमध्ये. नुसती सिंक फोल्डरात टाकली तर तशीच उघडी वर जाते. प्रत्येक फाइल वेगळी एन्क्रिप्ट होते, म्हणून एक सातबारा बदलला तर तेवढाच अपलोड होतो. नावंही झाकली जातात. फाइलचा साधारण आकार आणि बदलल्याची वेळ मात्र लपत नाही, हेही सांगायला हवं.

व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचं दुसरं सॉफ्टवेअरही उत्तमच, पण त्याचा कंटेनर म्हणजे एकच भली मोठी फाइल. त्यात एक गोम आहे: आत बदल केला तरी मूळ सेटिंगमध्ये कंटेनरची तारीख जुनीच राहते, आणि काही सिंक ॲप्सना बदल कळतच नाही. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन तारीख जुनी ठेवायच्या पर्यायासमोरची तेवढी खूण काढा.

क्रिप्टोमेटरची रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यास कामी येणारी किल्ली) छापून कपाटात ठेवा. ती आणि पासवर्ड दोन्ही गेले तर कुठलंही कस्टमर केअर कामाला येत नाही. आणि सिंकला बॅकअप समजू नका हो! इथे डिलीट झालं की तिकडूनही जातं. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर हवीच.