कार्ड सापडलं म्हणजे पणजोबा लढले असं नाही

पूर्वजांच्या शोधावरचा लेख आवडला, पण अमेरिकेतलं ड्राफ्ट कार्ड (सक्तीच्या सैन्यभरतीसाठी केलेल्या नोंदणीचं कार्ड) मिळालं की पूर्वज पहिल्या महायुद्धात लढले, हे त्यातलं विधान पटलं नाही. कार्ड ही फक्त नोंदणी. सुमारे २ कोटी ४० लाख पुरुषांनी ती केली, नागरिक नसलेल्यांनीसुद्धा. बहुतेक जण सैन्यात गेलेच नाहीत.

कार्ड नोंदणीच्या कोणत्या फेरीचं ते आधी बघा. ५ जून १९१७च्या कार्डावर जन्मगाव आहे. १२ सप्टेंबर १९१८च्या कार्डावर तो रकानाच नाही, पण जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता आहे, आणि स्थलांतरितांच्या घराण्याचा धागा कधीकधी तिथेच लागतो. १९१७च्या कार्डाचा खालचा डावा कोपरा फाटलेला दिसला तर तो जीर्ण झाला असं समजू नका. आफ्रिकी वंशाच्या माणसाचं कार्ड असेल तर कोपरा फाडा, अशी सूचनाच त्यावर छापली होती. लेखात हे यायलाच हवं होतं.